वीणेचा पहारा

आषाढी वारी पंढरपूरची, तशी परतवारी आमच्या नरसीची. आषाढ वद्य एकादशीला कयाधूकाठच्या या गावात पाय ठेवायला जागा उरत नाही. पंढरपूरहून परतलेला माळकरी नामदेवांच्या गावी येतो, दर्शन घेतो आणि मगच त्याची वारी पुरी होते, अशी हिंगोली-परभणीकडची समजूत. सोयाबीन वीतभर वर आलेलं असतं, डवरणी कुणाची झालेली, कुणाची पावसानं अडवलेली. चिखलात रुतणाऱ्या चपला हातात घेऊन माणसं रांगेत उभी असतात. त्या रांगेत नांदेडहून आलेली पगडीवाली शीख कुटुंबंही असतात. नरसीत मंदिर आहे तसा गुरुद्वाराही आहे. नामदेव महाराज आणि भगत नामदेवजी ही एकाच माणसाची दोन नावं इथं एकाच रांगेत ऐकू येतात.

यंदा त्या रांगेत माझ्यापुढं माझा भाचा उभा होता. पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. रांग सरकेना तेव्हा मागं वळून म्हणाला, "मामा, दिवाळीनंतर आठ दिवस नेपाळला जायचं म्हणतोय. सेवेला." एक संस्था तरुणांना डोंगरातल्या एका खेड्यात नेते. दिवसा शाळेच्या भिंतीचं काम, दुपारी मुलांना इंग्रजी, संध्याकाळी प्रार्थना. खर्च ज्याचा त्यानं करायचा. त्याची आई, म्हणजे माझी बहीण, ऐकताक्षणी म्हणाली होती, "आपल्या शाळेचं छप्पर गळतंय, ते आधी बघ म्हणावं." पोरगा हिरमुसला होता. त्याला माझ्याकडून होकार हवा होता आणि जमलं तर थोडे पैसे.

मी तिथं हो म्हणालो नाही, नकोही म्हणालो नाही. बहिणीचं बोलणं खरं होतं, पण पुरतं खरं नव्हतं. घरचं छप्पर गळत असताना नामदेवही पंजाबात गेले होते. परमुलखात जाऊन सेवा करण्याची ओढ खोटी नसते, आणि तरुणपणी ती लागावीच. प्रश्न इतकाच की आठ दिवसांत कोण कुणाची सेवा करतं? त्या रांगेत सुरू झालेला हा विचार माझ्या डोक्यातून गेला नाही, म्हणून तो इथं मांडतो आहे.

मराठीत 'मिशनरी' हा शब्द दोन तोंडांनी बोलतो. एखाद्या शिक्षकानं तीस वर्षं आडगावात काढली की निरोपाच्या सभेत हमखास म्हटलं जातं, सरांनी मिशनरी वृत्तीनं काम केलं. याहून मोठी पावती आपल्याकडं नाही. आणि बाहेरचा कुणी गावात पुस्तकं वाटू लागला की त्याच शब्दानं कपाळावर आठी येते. हे दोन्ही अर्थ आपण अनुभवानं कमावलेले आहेत, त्यातला एकही टाकून चालणार नाही. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे १९०१ ते १९०३ या काळात ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात धर्माचं शिक्षण घेऊन आले आणि १९०६ साली मुंबईत त्यांनी संस्था काढली, तिच्या इंग्रजी नावात 'मिशन' हा शब्द आवर्जून ठेवला. मराठीत ती निराश्रित साहाय्यकारी मंडळी. परदेशातली दोन वर्षं त्यांनी शिकण्यात घालवली आणि करणं घरी येऊन केलं. बहीण जनाबाईंपासून सारं घर अस्पृश्यांच्या वस्तीतल्या कामाला लागलं. मिशनरी वृत्ती या शब्दाला मराठीत जो सोन्याचा मुलामा आहे, तो अशा घरांनी चढवलेला आहे.

पण मला जायचं आहे त्याहून मागं, नामदेवांकडं.

नामदेवांचा जन्म नरसीचा की पंढरपूरचा यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. आमच्यापुरता तो वाद मिटलेला आहे. परंपरा जन्मसाल सांगते १२७०. दामाशेटी आणि गोणाईचा मुलगा, शिंप्याचं घर. विठ्ठलाशी इतकी सलगी की देव त्याच्या हातचा नैवेद्य खातो, अशी ख्याती. या लाडक्या भक्ताची एक कथा प्रत्येक कीर्तनकार सांगतो आणि आपण ती हसून ऐकतो. गोरोबाकाकांच्या घरी संत जमले होते. मुक्ताबाईच्या सांगण्यावरून काकांनी थापटणं घेतलं आणि मडकी तपासावीत तसं एकेकाच्या डोक्यावर थापटत गेले. बाकीचे गप्प बसले. नामदेव चिडले. काकांनी निकाल दिला : हे मडकं कच्चं आहे.

नामदेव त्यानंतर औंढा नागनाथला विसोबा खेचरांकडं गेले. औंढा आमच्याच जिल्ह्यात. पाहतात तर गुरू पिंडीवर पाय ठेवून निजलेले. पाय काढा म्हणताच विसोबा म्हणाले, जिथं देव नाही तिथं उचलून ठेव. नामदेव ते पाय ठेवायला जागा शोधत राहिले आणि त्यांना ती सापडली नाही.

ही कथा इतिहास आहे का, हे मी विचारत नाही. आपल्या समाजानं तिच्यात काय साठवून ठेवलं ते मला महत्त्वाचं वाटतं. जो माणूस पुढं शेकडो कोस चालून परक्या भाषेच्या मुलखात भक्ती पोचवणार, त्याला आधी भर मंडळीत कच्चा ठरवला गेला. आणि देव नसलेली जागा कुठंच नाही, हे शिकल्यावरच तो निघाला. याचा अर्थ तो पंजाबात देव घेऊन गेला नाही. देव तिथं आधीपासून होता आणि नामदेवांना ते पक्कं ठाऊक होतं. परमुलखात सेवेला निघणाऱ्या तरुणाला याहून चांगली शिदोरी मला माहीत नाही. नेपाळातल्या त्या खेड्यात माया आहे, अक्कल आहे, भिंत बांधणारे गवंडी आहेत. ते तुझ्या येण्यानं सुरू होत नाही आणि तुझ्या जाण्यानं संपत नाही.

ज्ञानेश्वरांनी १२९६ मध्ये समाधी घेतली. त्यानंतरच्या आयुष्यात नामदेव उत्तरेकडं गेले आणि गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमानला वर्षानुवर्षं राहिले, असं परंपरा सांगते. तिथं त्यांनी केलेल्या कामाची सगळ्यात ठसठशीत खूण दगडाची नाही, भाषेची आहे. १६०४ साली गुरू अर्जनदेवांनी आदिग्रंथ सिद्ध केला. आज गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत, अठरा रागांत बांधलेली. ती मराठी अभंगांची भाषांतरं नव्हेत. तिकडच्या लोकांच्या तोंडच्या बोलीत ती म्हटलेली आहेत आणि मधूनच एखादा मराठी प्रत्यय त्यात डोकावतो, जसा परगावी नांदायला गेलेल्या लेकीच्या बोलण्यात माहेरचा एखादा हेल येतो.

पंढरपूरला महाद्वारात नामदेवांची पायरी आहे. त्यांची समाधी तिथं, असं आपण मानतो. घुमानची माणसं म्हणतात, नाही, भगतजींनी देह आमच्याकडं ठेवला. दोन गावं एका माणसाच्या शेवटच्या श्वासावर हक्क सांगतात! बाहेरून आलेल्या सेवकाला याहून मोठं काय मिळवायचं असतं? एप्रिल २०१५ मध्ये अठ्ठ्याऐंशीवं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन सदानंद मोरे यांच्या अध्यक्षतेखाली घुमानला भरलं, तेव्हा आपली माणसं गाड्या भरून तिकडं गेली. मराठी न कळणाऱ्या गावात मराठी संमेलन कशाला, असं तेव्हा पुष्कळांनी विचारलं. कारण एकच होतं. सात शतकांपूर्वी आपला एक माणूस तिथं जाऊन त्यांचा झाला होता.

इथं एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. नामदेवांच्या मागं कुणाची फौज नव्हती. त्यांचं ऐकलं नाही म्हणून घुमानमध्ये कुणाचं काही बिघडणार नव्हतं. दुसरं उदाहरण गोव्याचं आहे. इंग्लंडचा थॉमस स्टीफन्स हा जेझुइट तरुण १५७९ मध्ये गोव्यात उतरला. त्याचं 'क्रिस्तपुराण' रायतूरला छापून निघालं १६१६ मध्ये. मधली सदतीस वर्षं तो इथली भाषा जगत होता. सुमारे अकरा हजार ओव्या, आणि मराठीचं कौतुक असं की जन्मानं मराठी असलेल्यानंही मान खाली घालावी. स्टीफन्सबद्दल मला मनापासून आदर आहे. पण त्याच गोव्यात तो येण्याआधीपासून देवळं पाडली जात होती, १५६० पासून इन्क्विझिशन बसलेलं होतं. स्टीफन्सच्या ओवीत कितीही माया असली तरी ती ऐकणाऱ्याच्या पाठीशी ते भय उभं होतं. शब्द गोड आहे की कडू, यापेक्षा ऐकणाऱ्याला नाही म्हणायची मोकळीक होती का, हे आधी पाहावं लागतं. ही कसोटी सगळ्यांना लावली पाहिजे, ख्रिस्ती मिशनऱ्याला लावतो तशीच भगव्या झेंड्याखाली आदिवासी पाड्यावर जाणाऱ्यालाही. आजच्या काळात फौजेची जागा पुष्कळदा पैशानं घेतली आहे. फी भरून आलेल्या पाहुण्याला गाव नाही म्हणू शकत नाही, कारण त्याच्या फीवर गावातल्या चार जणांचं पोट असतं.

हे किती वाईट थराला जाऊ शकतं ते कंबोडियात दिसलं. आठवडाभर अनाथ मुलांची सेवा करायला परदेशी तरुणांची रीघ लागली आणि अनाथालयं वाढत गेली. तिथल्या बहुतेक मुलांचे आई किंवा बाप जिवंत होते. मुलं गरिबीमुळं आणून ठेवलेली, आणि पाहुणे येत राहतात म्हणून ठेवून घेतलेली. दर आठवड्याला नवा दादा, नवी ताई, गळ्यात पडणं, रडणं, निरोप. शेवटी मुलं ही पर्यटकांनी बघायची जागा नव्हे, असं सांगणारी मोहीम तिथल्या संस्थांना चालवावी लागली. गेलेल्या तरुणांपैकी कुणाच्या मनात पाप नव्हतं. त्यामुळंच ही गोष्ट मला जास्त लागते.

आता माझं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी कॉलेजात होतो. आदल्या रात्री गावोगाव गणपती विसर्जन झालं होतं. तिसऱ्या दिवशी आम्ही अकरा जण ट्रकमधून निघालो आणि आठ दिवस तिकडं राहिलो. काय केलं? कपडे वाटले. मुंबई-पुण्याहून आलेल्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पावसात भिजत पडले होते. त्यात फ्रॉक होते, पँटी होत्या, एका गाठोड्यात लग्नातला कोट होता. नऊवारी नेसणाऱ्या बायका त्या ढिगाकडं बघत आणि पुढं जात. आम्ही बिस्किटांचे पुडे मोजत होतो आणि वहीत नावं लिहीत होतो. नावं लिहिताना एकदा माझ्याकडून मोठी चूक झाली. एका म्हाताऱ्या माणसाला मी विचारलं, घरात माणसं किती? तो बराच वेळ माझ्याकडं बघत राहिला आणि म्हणाला, "कालची सांगू का आजची?" पुढं मी वही दुसऱ्याकडं दिली.

पाचव्या दिवशी एक शेतकरी आला. त्याला कपडे नको होते, बिस्किटं नको होती. ज्वारीची पेरणी खोळंबली होती. वाफसा आलेला, आणि चार दिवस गेले की रब्बी हातची जाणार. तिफण शाबूत होती, बैल शेजारच्या गावातून मिळणार होते, पण घरात चाड्यावर मूठ धरणारं कुणी उरलं नव्हतं. आमच्या अकरा जणांत शेतकऱ्याची पोरं चार. त्यातल्या दोघांना पेरता येत होतं. ते दोघं तीन दिवस तीन शेतांवर राबले. बाकी आम्ही नऊ जणांनी आठ दिवसांत जे केलं त्याचा मागमूस उरला नसेल. त्या दोघांच्या हातची ज्वारी माघात उभी होती.

त्या दोघांत आणि आम्हा नऊ जणांत फरक काय होता? माया सगळ्यांना सारखीच होती. त्या दोघांना काम येत होतं, ही एक गोष्ट. पण त्याहून मोठी दुसरी. पेरणी त्या शेतकऱ्याची होती. ती यांच्या आधी ठरलेली होती आणि यांच्या नंतर खुरपणी, राखण, काढणी तो स्वतः करणार होता. मधल्या एका जागी हात कमी पडत होता, तिथं यांनी हात लावला. कपडेवाटप आमचं होतं. ते आम्ही आणलं, आम्ही चालवलं आणि आम्ही गेलो तसं तेही गेलं.

आठ दिवसांच्या सेवेवर विचार करताना मला वाटतं, याचं शास्त्र आपल्या गावांनी केव्हाच बसवून ठेवलंय. हरिनाम सप्ताह म्हणजे दुसरं काय? तोही सातच दिवसांचा. पहाटे काकडा, सकाळी ज्ञानेश्वरीचं पारायण, सांजेला हरिपाठ, रात्री कीर्तन, शेवटी काल्याचं कीर्तन आणि महाप्रसाद. कीर्तनकार रोज वेगळा, परगावचा. तो एका रात्रीसाठी येतो, बोलतो आणि सकाळच्या गाडीनं जातो. तरीही सप्ताह त्याचा नसतो, गावाचा असतो. आणि सगळ्यात मधे असते वीणा. सात दिवस, सात रात्री ती खाली टेकत नाही. फळ्यावर खडूनं पहाऱ्यांची यादी लिहिलेली असते : कुणी किती वाजता वीणा घ्यायची. रात्री दोनचा पहारा असलेला माणूस पावणेदोनला तोंडावर पाणी मारून मंडपात येतो. आधीचा वीणेकरी उभाच असतो, जडावलेल्या डोळ्यांनी, तोंडानं रामकृष्णहरी चालू. दोघं एकमेकांच्या पाया पडतात. वीणा या गळ्यातून त्या गळ्यात जाते, आणि तार मधे थांबत नाही.

वीणेकऱ्याला कुणी विचारत नाही की तुझ्या दोन तासांत किती पुण्य झालं. त्यानं सुरू केलेलं काही नसतं, संपवलेलंही नसतं. आपल्या वेळेला तार चालू ठेवणं, एवढंच त्याच्याकडं असतं. पण तो आला नाही तर वीणा थांबते, म्हणून त्याचं येणं खरं असतं. सात दिवसांसाठी परमुलखात जाणाऱ्यानं स्वतःसाठी हीच जागा मागावी असं माझं म्हणणं आहे. आधी विचारावं, तिथं वीणा कुणाच्या गळ्यात आहे? माझ्याआधी कोण उभं होतं, माझ्यानंतर कोण घेणार? याचं उत्तर त्या गावातल्या माणसांच्या नावांनी मिळालं तर खुशाल जावं. उत्तरात नुसतं संस्थेचं नाव आलं, तर थांबून विचार करावा.

नांदेडच्या गुरुद्वारातलं लंगर याच रीतीनं चालतं. कुणीही जावं, बसावं, तासभर पोळ्या लाटाव्यात, भांडी घासावीत आणि उठावं. तुमचं नाव कुणी विचारत नाही, तुमच्यासाठी काम शोधून ठेवलेलं नसतं. ताटं घासायचीच असतात. नांदेडहून अमृतसरला जाणाऱ्या सचखंड एक्सप्रेसमध्ये वाटेतल्या स्टेशनांवर डब्याडब्यांत वरण-भात, भाजी वाढली जाते. ठाऊक असलेले प्रवासी घरून ताट-वाटी घेऊनच बसतात. वाढणारा गाडी थांबेल तेवढीच मिनिटं सेवा करतो. इतक्या थोड्या वेळाची सेवाही पोट भरणारी होते, कारण तिच्या मागं सकाळपासून पेटलेली चूल असते आणि उद्याही ती पेटणार असते. दिवस सात की मिनिटं सात, यानं बिघडत नाही.

यावर एक आक्षेप येईल आणि तो मला खरा वाटतो. फक्त रांगेत उभं राहायचं, यादीतलं नाव व्हायचं, तर तरुणाच्या अंगातली आग विझून जाईल. नवं काही उभं कोण करणार? बाबा आमट्यांनी १९६७ पासून सोमनाथला श्रमसंस्कार छावणी सुरू केली. मे महिन्याच्या उन्हात आठवडाभर पोरं घमेली वाहतात. त्या घमेल्यांनी किती माती हलली याचा हिशेब मांडला तर तो फार मोठा येणार नाही. पण तिथून परतलेली कितीतरी मुलं पुढं आयुष्यभर कुठंकुठं कामाला लागली, हे महाराष्ट्रानं पाहिलेलं आहे. म्हणजे आठवडा जाणाऱ्याला घडवतो. हे मान्य करायला मला अडचण नाही. उलट ते उघड बोलावं, असंच मला वाटतं. छावणीत जाणारा पोरगा 'मी घडायला आलो' म्हणतो, सोमनाथचा उद्धार करायला आलो असं म्हणत नाही. परदेशी जाताना मात्र तीच पोरं 'द्यायला' निघतात. इथं भाषा चुकते आणि भाषेमागून वागणं चुकतं.

आणि नवं उभं करणाऱ्यांचा रस्ता वेगळाच असतो. प्रकाश आणि मंदा आमटे १९७३ च्या डिसेंबरात सुरू झालेल्या हेमलकशाच्या प्रकल्पात गेले तेव्हा दोघं डॉक्टर होते, हातात विद्या होती. तरी माडिया बोली आल्याशिवाय रोग्याचं दुखणं कळणार नव्हतं. ती त्यांनी शिकून घेतली. घुमानचे नामदेव, रायतूरचा स्टीफन्स, हेमलकशाचे आमटे. श्रद्धा वेगळ्या, शतकं वेगळी. या सगळ्यांनीच त्या त्या लोकांची बोली तोंडात बसू दिली, आणि त्याला वर्षं लागली. आठ दिवसांत बोली येत नाही. पण 'पाणी द्या', 'बसू का', 'माझं चुकलं' एवढं येतं. माझ्या भाच्याच्या कार्यक्रमपत्रिकेत मुलांना इंग्रजी शिकवायचे पाच तास होते. नेपाळी शिकायचा एकही नव्हता.

परतवारीनंतर तीन आठवड्यांनी गावात श्रावणातला सप्ताह बसला. भाचा दोन दिवसांसाठी आला होता. मी त्याला काही सांगितलं नाही, फक्त फळ्यावर त्याचं नाव लिहायला लावलं : पाचवी रात्र, दोन ते चार. दीड वाजता उठवलं तर कुरकुरत उठला. मंडपावर पाऊस वाजत होता, एका कोपऱ्यात गळत होतं, तिथं कुणी परात ठेवली होती. आधीचा वीणेकरी आमच्या गावचा सुतार. त्यानं पोराच्या गळ्यात वीणा घातली, पट्टा ओढून नीट बसवला, आणि तार कुठल्या बोटानं छेडायची ते न बोलता त्याचं बोट धरून दाखवलं. मग पाया पडला. पोरगा गडबडला, कारण सुतार त्याच्या आजोबांच्या वयाचा. त्यालाही खाली वाकावं लागलं, वीणा सावरत.

चारला पाच कमी असताना पुढचा पहारेकरी आला नाही. चार वाजले, सव्वाचार झाले. मी ओट्यावरून बघत होतो. पोरगा एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेत होता, नजर वाटेकडं, बोट तारेवर. साडेचारच्या सुमाराला पोतं डोक्यावर घेतलेला एक माणूस चिखल तुडवत येताना दिसला. ओढ्याला पाणी आलं होतं म्हणून वळसा घालून आला होता.

सकाळी चहा पिताना भाच्यानं मोबाइल काढला आणि त्या संस्थेला निरोप लिहायला बसला. मला दाखवला. त्यात तीन प्रश्न होते. त्या शाळेची भिंत एरवी कोण बांधतं, त्यांचं नाव काय, आणि त्यांच्याशी फोनवर बोलता येईल का. उत्तर अजून यायचं आहे. नेपाळी शिकायचं पुस्तक मात्र त्यानं मागवलं आहे. त्याचे पैसे मी दिले.